पाच नंबरचा लाल

सुमनकाकू गेल्या त्या दिवशी वसुधा कॅनडातल्या विमानतळावर बसून होती. बर्फ पडत होता. विमान उडालं नाही. ती वसईला पोचली तो तिसरा दिवस होता.

पेडणेकर काकांनी दार उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मागे वळून मला म्हणाले, "बाई, तिला आधी चहा द्या." मी त्यांच्या समोरच्या दारातली शेजारीण. शाळेत मराठी शिकवायचे म्हणून सगळ्या इमारतीची बाई. त्या आठवड्यात काकांच्या तोंडून एवढं एकच वाक्य ऐकल्याचं मला आठवतं.

आता काकाही नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसले की हात पहिल्यांदा जन्मगाव, नोकरी, निवृत्ती असं काहीतरी लिहू लागतो आणि मी ते खोडते. त्यात काका सापडत नाहीत. काका सापडतात ते साडीच्या दुकानाबाहेर, भर रस्त्यात.

माझ्या भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला मी त्यांना स्टेशन रोडच्या दुकानात घेऊन गेले होते. काकांची सगळी नोकरी परळच्या गिरणीत, रंगखात्यात झालेली. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी पाठवायची आणि काकांनी तोच रंग ताग्यांवर उतरवायचा. त्या चिंधीला ते नमुना म्हणत. रंग जुळला की एकच शब्द बोलायचे, "पास." तो शब्द आला नाही तर ताग्यांनी पुढच्या खात्यात जायचं नाही. असा माणूस बरोबर असला तर साडी चांगली मिळेल, हा माझा हिशेब. दुकानदाराने दहा लाल साड्या उलगडल्या. काकांनी त्यातल्या तीन खांद्यावर टाकल्या आणि ते दुकानाची पायरी उतरले.

"ओ काका! साड्या घेऊन कुठे चाललात?" दुकानदार गादीवरून अर्धा उठला.

"उत्तरेकडे," काका म्हणाले.

ते खरोखरच रस्त्याच्या कडेला, उत्तरेला तोंड करून उभे राहिले. उन्हात नाही, सावलीत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. काका साडीचा पदर डोळ्यांपुढे धरून त्यांना हाताने थोपवत होते. आत आल्यावर त्यांनी दोन साड्या गादीवर ठेवल्या.

"ही आत लाल आहे, बाहेर केशरी. ही आत लाल आहे, बाहेर राणी. ट्यूबलाईट खोटं बोलते, शेठ. तुमचा दोष नाही."

"मग तिसरी?"

"तिसरी पास."

लाल म्हणजे काय, हे मला त्या दिवशी घरी परतताना कळलं. काका म्हणाले, "पिवळ्याकडे झुकला की तो केशरी झाला. निळ्याकडे झुकला की राणी झाला. मधे एक तार आहे, बाई. त्या तारेवर जो उभा राहतो तो लाल. बाकी सगळे लाल म्हणवून घेणारे."

त्या तारेवर त्यांच्या घरातली एकच वस्तू रोज उभी असे. काकूंचं कुंकू. काकू मेण लावून त्यावर कोरडं कुंकू लावायच्या, चांगलं रुपयाएवढं. ते कुंकू काका स्वतः आणायचे, वर्षानुवर्षं एकाच दुकानातून, आणि तरीही दर वेळी पुडी उघडून दुकानाबाहेर उत्तरेला तोंड करून बघायचे. काकू हसायच्या. "माझ्या कपाळावर ह्यांनी रंगखातं उघडलंय," म्हणायच्या. वसुधा लहानपणापासून आईला लांबून ओळखायची ती त्या ठिपक्यावरून.

काकांचं दुसरं वाक्य म्हणजे "सुकल्यावर बोलू." कापड रंगातून निघतं तेव्हा ओलं असतं आणि ओला रंग गडद दिसतो. सुकला की उतरतो. जो ओल्यावरून सुकलेला रंग ओळखतो तोच रंगखात्यात टिकतो. काकांनी हा नियम आयुष्याला लावला होता. ती आमच्या एव्हरशाईन वसाहतीत टँकरने पाणी घ्यायची वर्षं होती. टँकर आला की दोन मजल्यांची भांडणं व्हायची आणि सोसायटीचे सेक्रेटरी सावंत तावातावाने काकांकडे न्याय मागायला यायचे.

"काका, त्याने मला चोर म्हटलं! तुम्ही ऐकलंत!"

"ऐकलं. आत्ता ओलं आहे, सावंत. सुकल्यावर बोलू."

संध्याकाळपर्यंत ते सुकायचं आणि बोलायला काही उरायचं नाही. वसुधाने लग्न ठरवलं तेव्हाही काका हेच म्हणाले होते. जावई पसंत आहे असं त्यांनी कळवलं ते लग्नाला दोन वर्षं झाल्यावर.

काकू गेल्यानंतर वसुधा परत गेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. दोन वर्षं अशी गेली आणि एका रविवारी काका माझ्याकडे आले, नेहमीसारखे दारात न थांबता आत येऊन बसले.

"पोरगी रडते," ते म्हणाले. "आई गेली म्हणून नव्हे. म्हणते, बाबा, आईचा चेहरा आठवते तर कुंकू दिसत नाही. इथे सहा महिने सगळं पांढरं असतं. मागच्या दाराशी लाल लिली लावली, म्हटलं दर वर्षी आपोआप वर येईल. तर उगवली ती केशरी. दुसऱ्या वर्षी दुसरी लावली. ती वांग्यासारखी. आता म्हणते, सोडून देते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, थांब. नमुना माझ्याकडे आहे."

काकूंचा करंडा अर्धा भरलेला होता.

त्या दिवसापासून काकांना काम मिळालं. वसुधा आईला पोचवायला पोचली नव्हती. तिच्या दाराशी आईचा लाल उगवलाच पाहिजे, आणि तो वसईत बसून निवडायचा, कारण हृदयाच्या डॉक्टरांनी एवढा लांबचा विमानप्रवास आधीच बंद केला होता. फोटोवर काकांचा विश्वास नव्हता. "छापणारा शाई कुठली वापरतो ते मला माहीत नाही," म्हणायचे. फुलाचा रंग फुलातच बघायचा.

पहिली चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. लिली म्हटल्यावर आम्हाला शेजारच्या गिरीज गावातली लिली आठवली. गिरीजच्या मधुभाऊंची वाडी होती, केळी, नारळ, थोडी फुलं. ते सकाळी सायकलवरून आमच्या गेटवर केळीची पानं आणि फुलं घेऊन यायचे. त्यांच्या वाडीत मे महिन्यात जमिनीतून एक एक दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक गोळा फुलतो, दिवाळीच्या भुईचक्रासारखा.

"मधुभाऊ, ही लिलीच ना?"

"आम्ही तर लिलीच बोलतो, काका. आजा पन लिलीच बोलायचा."

"बर्फात तगेल?"

मधुभाऊ हसायला लागले. "काका, मी बर्फ फक्त गोळ्यातला बघितलाय. आनि तो पन रंग टाकलेला."

काकांनी चार कांदे आणले आणि बर्फाची परीक्षा स्वतःच घ्यायची ठरवली. फ्रिजच्या वरच्या खणात, जिथे काकू कुल्फी लावायच्या, तिथे ते कांदे ठेवले आणि दारावर कागद चिकटवला: 'हे खायचे कांदे नव्हेत. हात लावू नये.' घरात ते एकटेच राहत होते. कागद कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "मीही कधी कधी विसरतो." आठवड्याने कांदे बाहेर काढले. दुपारपर्यंत त्यांचा लगदा झाला.

मी शाळेच्या ग्रंथालयातून बागकामाचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात सगळं स्वच्छ दिलं होतं. आपली मे महिन्यातली लिली ही नुसती नावाची लिली. बर्फाखाली झोपून उन्हाळ्यात उठणारी खरी लिली वेगळ्याच कुळातली, तिचा कांदा लसणीच्या पाकळ्या एकावर एक लावाव्यात तसा. काकांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"म्हणजे आधी खरी लिली शोधायची आणि मग खरा लाल. दोन दोन खोटं बोलणाऱ्यांशी गाठ आहे, बाई."

पावसाळा संपता संपता हिमाचलातल्या एका नर्सरीतून त्यांचं पार्सल आलं. भुशात गुंडाळलेले कांदे, पाच जातींचे, प्रत्येक जातीचे दोन. वसुधाला तिकडे सहज मिळतील अशाच जाती काकांनी मागवल्या होत्या. नावं परदेशी आणि लांबलचक, म्हणून काकांनी त्यांना गिरणीसारखे नंबर दिले, एक ते पाच. ह्या कांद्यांना उठण्याआधी थंडीत झोपावं लागतं, आणि वसईत थंडी मिळते ती फ्रिजच्या खालच्या खणात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुधाची पिशवी, दह्याचं भांडं आणि कोथिंबीर घेऊन माझ्या दारात उभे.

"हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे सध्या हिवाळा आहे."

तो हिवाळा दिवाळी उलटेपर्यंत चालला. काका माझ्या घरी येऊन आपल्याच दुधाचा चहा करून घ्यायचे.

मग कुंड्या भरल्या. प्रत्येक नंबरची एक कुंडी काकांच्या उत्तरेच्या बाल्कनीत आणि दुसरी गिरीजला, मधुभाऊंच्या बावखलाकाठी. बावखल म्हणजे वाडीतलं पाण्याचं मोठं कुंड. त्याच्या काठी केळीच्या सावलीत डिसेंबर-जानेवारीत असा गारवा असतो की मधुभाऊ सकाळी कान बांधून फिरायचे. दोन जागा कशाला, असं आम्ही विचारलं, तर काका म्हणाले, "तुलना करायला." दर दिवसाआड ते रिक्षाने गिरीजला जायचे. मधुभाऊंची बायको त्यांना बघितलं की आतून ओरडायची, "आले सासरेबुवा, सुना बघायला!"

जानेवारीच्या अखेरीस कळ्या उमलल्या. काकांनी बाल्कनीतल्या पाचही कुंड्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ओळीने मांडल्या, दुपारी, उत्तरेच्या उजेडात. पुढे स्टुलावर पांढरा कागद, आणि त्यावर करंड्यातलं चिमूटभर कुंकू, बोटाने पसरलेलं. सगळी इमारत जमली. सावंत तर ऑफिसातून लवकर आले होते.

एक आणि दोन नंबर बघताक्षणी बाद झाले. एक गुलाबी, दुसरा सरळ नारिंगी. चारवर थोडी चर्चा झाली. पण तीन नंबरचं फूल पाहून सगळे पुढे सरकले. ते काकूंचं कुंकूच होतं. सावंतांच्या आईने तर पदर डोळ्यांना लावला. पाच नंबर शेवटी उभा होता, विटेच्या रंगाचा, लालात मोडावा की केशरीत असा.

"तीन!" सावंत म्हणाले. "काका, संपलं. तीन नंबर. फोन लावा वसुधाला."

काका कागदावरून तीनकडे, तीनवरून पाचकडे, पाचवरून पुन्हा कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"पाच," ते म्हणाले.

"अहो, काय पाच? पाच तर वीट आहे!"

"आत्ता वीट आहे."

"काका, मोतीबिंदू!" सावंत हसत म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. कारण ते खरं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला होता आणि ऑपरेशन काका टाळत होते. "ह्या डोळ्याची चूक किती ते मला माहीत आहे. नव्या डोळ्याची चूक शोधायला वेळ नाही," असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, खरं तर फार नीट सांगितलं. बाल्कनीतलं पाच नंबरचं फूल वीट दिसतं, पण बावखलाच्या गारव्यात उमललेलं पाच नंबर त्याहून लाल आहे. तिथेही थंडीच्या लाटेत उमललेली कळी लाल आणि ऊन वाढल्यावर उमललेली फिकट. म्हणजे थंडीत हा रंग चढतो. तीनचंही तेच. बाल्कनीत ते कुंकू आहे, बावखलाकाठी आत्ताच किंचित काळपट झालंय. मग वसुधाच्या दाराशी, जिथे उन्हाळ्यातल्या रात्रीही गार, तिथे तीनचं वांगं होणार आणि पाच बरोबर तारेवर येणार.

"वसई म्हणजे कापड ओलं असताना बघणं. सुकणार आहे ते तिकडे. फक्त इथे उलटं आहे. कापडाचा ओला रंग गडद आणि सुकला की फिका. हिचा इथे फिका आणि तिथे गडद. एवढाच फरक."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणालाही पटलं नाही. जिना चढताना सावंत मला हळूच म्हणाले, "डोळ्यावर जगलेला माणूस हो. कसं सांगायचं त्यांना?"

रविवारी काकांशी बोलणं झाल्यावर वसुधाचा फोन माझ्याकडे आला.

"बाई, खरं सांगा. बाबांना नीट दिसतं ना? सावंतकाका म्हणतात तीन."

"मलाही तीनच लाल दिसला, वसुधा. पण तुझ्या बाबांनाही तीनच लाल दिसला होता. ते त्याच्या पुढचं बघत होते."

 ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'वरून काही कळेना.

काकांनी कुंकवाचा नमुना फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरला आणि तिकडे निघालेल्या एका ओळखीच्या मुलीबरोबर पाठवला. बरोबर निरोप: पांढऱ्या कागदावर पसर, पाकळी शेजारी ठेव, उत्तरेला तोंड कर, ऊन नको, ट्यूबलाईट तर नकोच.

एप्रिल गेला, मे गेला. गिरीजची लिली फुलून गेली. पावसाळा लागला. काका काहीच विचारत नसत, पण रविवारी फोनची घंटा वाजली की समोरच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज माझ्या घरात यायचा. इमारतीत आता त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. काका जिन्यात भेटले की लोक हवापाण्याचं बोलायचे.

जुलैतल्या एका रविवारी काकांनी माझं दार वाजवलं. "चला. ती म्हणते तुम्हालाही ऐकू दे."

फोनचा रिसीव्हर आम्ही दोघांच्या मधे धरला. वसुधा एकदम बोलू लागली.

"बाबा, मी दोन्ही लावले होते. तीन आणि पाच, शेजारी शेजारी. तुम्हाला सांगितलं नाही. रागावू नका."

"बरं केलंस. गिरणीतही आम्ही दुसरा नमुना ठेवायचोच. पुढे बोल."

"तीन काळपट झालाय. सुकलेल्या रक्तासारखा."

"हं. आणि पाच?"

काका रिसीव्हरवर आणखी वाकले.

"बाबा, मी कागदावर कुंकू पसरलं आणि त्यावरच पाकळी ठेवली. मग आत जाऊन ह्यांना बोलवून आणलं. परत आलो तर आम्हा दोघांना पाकळी सापडेना. हात फिरवला तेव्हा हाताला लागली."

काकांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. छातीवर ठेवला. पुन्हा कानाला लावला.

"उत्तरेला तोंड होतं ना?"

"होतं, बाबा."

"ऊन?"

"सावली होती. बाबा, पास म्हणा ना आता!"

"मी बघितल्याशिवाय पास म्हणत नाही. सही माझी असते," काका म्हणाले. पण पलीकडे वसुधा हसत होती. किती तरी महिन्यांनी मी तिला हसताना ऐकलं.

त्या दुपारी काका भर पावसात छत्री घेऊन बाहेर पडले. तासाभराने जिलेबीचा मोठा पुडा घेऊन परतले आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक दार वाजवलं. सावंतांच्या दारात पोचले तेव्हा आम्ही सगळे जिन्यात जमलो होतो.

"घ्या, सेक्रेटरी."

"कसली जिलेबी, काका?"

"हा रंग तुम्हाला दिसला होता ना पाच नंबरमध्ये? खा आता."

सावंतांनी दोन जिलेब्या एकदम तोंडात घातल्या, हात जोडले आणि भरल्या तोंडाने जे काही बोलले ते कोणाला कळलं नाही. पण काकांना मिठी मारलेली सगळ्यांनी पाहिली. काकांच्या शर्टाला पाक लागला. "हा डाग जाणार नाही," काका समाधानाने म्हणाले. "पक्का रंग आहे."

पुढच्या महिन्यात त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं.

त्यानंतरची वर्षं काका ताठ चालले. दर जुलैत फोन यायचा, दर जुलैत जिलेबी यायची. वसुधाच्या शेजारणी तिच्याकडून पाच नंबरचे कांदे मागून नेऊ लागल्या. तिने फोनवर सांगितलं की त्यांच्या गल्लीत आता चार दारांशी तो उगवतो आणि तिथल्या बायका त्याला तिच्या आईच्या नावाने ओळखतात, 'सूमन' असा उच्चार करून. काकांनी तो उच्चार माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि दोन्ही वेळा खूश झाले.

शेवटच्या हिवाळ्यात वसुधा येऊन राहिली. काका तेव्हा फारसे उठत नव्हते. तिने पर्समधून एक लिफाफा काढला. पाच नंबरच्या पाकळ्या तिने पुस्तकात दाबून आणल्या होत्या. त्या तपकिरी झाल्या होत्या, चहाच्या चोथ्यासारख्या. ती ओशाळली. "बाबा, रंग उडाला हो. आणायला नको होत्या."

"खिडकीशी घे मला," काका म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांची खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी सरकवली. त्यांनी पाकळी तळहातावर घेतली. पेल्यात बोट बुडवून तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंबाखाली तपकिरी रंग किंचित गडद झाला, एवढंच मला दिसलं. काका बराच वेळ बघत होते. आयुष्यभर ओलं बघून सुकलेलं सांगत आले, आता सुकलेलं बघून मागे ओल्याकडे जात होते.

मग त्यांनी मान वर केली आणि मुलीच्या कपाळाकडे बघितलं. प्रवासातून आल्यावर तिने आईच्या करंड्यातलं कुंकू लावलं होतं.

"पास," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. ह्या वेळी वसुधा जवळ होती.

बाल्कनीतल्या कुंड्या मधुभाऊ गिरीजला घेऊन गेले. त्यांत आता पुदिना आहे. करंडा वसुधाकडे आहे. पाच नंबर दर जुलैत तिच्या मागच्या दाराशी फुलतो.